मागची कोरी बाजू

त्या वर्षी आमच्या कॉलेजात सगळ्यात जास्त कागद मी संपवला, आणि कागद नेमका कोण संपवतंय हे शोधायचं कामही माझ्याकडेच आलं. दोन्ही गोष्टी मी एक शब्दही न बोलता झाल्या. त्या काळात माझ्या बाबतीत बहुतेक गोष्टी तशाच होत.

ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. साकोलीच्या एका कॉलेजात मला इंग्रजी शिकवायची हंगामी नोकरी मिळाली होती. घर नागपूरच्या रस्त्यावरच्या शहापूरला, म्हणून रोज एसटीने अप-डाऊन. माझी शाळा मात्र सगळी नागपुरात, सिस्टरांच्या इंग्रजी शाळेत, तिथल्याच वसतिगृहात राहून झालेली. मराठी हा तिथे आठवड्यातून चार तासांचा विषय होता आणि घरची मराठी सुट्टीपुरती. मला मराठी कळायची, वाचताही यायची. पण चारचौघांत बोलायची वेळ आली की मी रेडिओवर बातम्या दिल्यासारखी बोलायची.

पहिल्या तासाला समोर साठेक मुलंमुली होती. कोणी लाखांदूरकडून आलेली, कोणी नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेल्या गावांतली. मी दहा मिनिटं इंग्रजीत बोलले. वर्ग इतका शांत होता की मला वाटलं, बरं चाललंय. मग मधल्या बाकावरून एक मुलगी उठली. ती दिघोरीहून यायची, हे मला नंतर कळलं. अगदी अदबीने ती म्हणाली, "मॅडम, हे मराठीत सांगा ना जी."

मी मराठीत सांगितलं. लेखकाची चिंतनशील वृत्ती येथे प्रतीत होते, असं काहीतरी. वर्गाने थोडा वेळ वाट पाहिली. आता मराठी सुरू होईल असं त्यांना वाटत असावं. ती सुरू झाली नाही तेव्हा मागून कोणीतरी हसलं, आणि मग ते हसू एकेका बाकावरून पुढे येत येत माझ्या टेबलापर्यंत पोचलं. त्यात दुष्टावा नव्हता, हे आता कळतं. तेव्हा मी गळ्यातली साखळी मुठीत धरली. घाबरले की साखळी धरायची मला लहानपणापासूनची सवय आहे. उरलेला तास मी एका हाताने साखळी धरून आणि दुसऱ्या हाताने फळ्यावर लिहून काढला.

त्याच आठवड्यात मला जिन्याखालची खोली सापडली. तिथे सायक्लोस्टाईलचं यंत्र होतं आणि ते चालवणारे मामाजी होते. मामाजी म्हणजे कॉलेजचे जुने शिपाई, पन्नाशीचे, जवळच्याच गावात थोडी धानाची शेती असलेले. यंत्राला ते स्वतःशिवाय कोणाला हात लावू देत नसत. टाइपरायटरची रिबन बाजूला करून मेणाच्या स्टेन्सिलवर टाइप करायचं, चुकलं की लाल द्रव लावून फुंकर घालायची, मग ती स्टेन्सिल घेऊन मामाजींकडे जायचं. ते ती ड्रमवर चढवून हँडल फिरवायला लागले की पलीकडून कागद पडायला लागायचे. कागद फुगीर, शाई पिणारा, म्हणून छपाई एकाच बाजूला. मागची बाजू कोरी.

घरी वडिलांचा जुना टाइपरायटर होता. मी घरी टाइप करायची आणि पहिल्या बसने येऊन मामाजींना स्टेन्सिली द्यायची. एका धड्याच्या चार पानी नोट्स, साठ प्रती, आणि काही कमी पडू नयेत म्हणून वर दहा. वर्गात शिरल्यावर नोट्स वाटायच्या, फळ्यावर 'शांतपणे वाचा' असं इंग्रजीत लिहायचं आणि खुर्चीत बसायचं. पन्नास मिनिटं कोणी बोलायचं नाही. मीही नाही. शेजारच्या वर्गावर इतिहासाचे सर असत. त्यांनी एकदा दारातून डोकावून माझं कौतुक केलं. म्हणाले, तुमच्या वर्गात पोरं आहेत का नाहीत तेच समजत नाही, वर्ग असा पाहिजे.

आणखी एक गोष्ट तेव्हा सुरू झाली. दर आठ-पंधरा दिवसांनी माझ्या टेबलावर मधाची बाटली यायला लागली. कधी औषधाच्या रिकाम्या बाटलीत, कधी झाकणाला चिंधी बांधलेली. मध जंगलाकडचा, दाट, काळसर. कोण ठेवतं ते कळत नव्हतं आणि विचारायचं म्हणजे बोलावं लागलं असतं. मी असं धरलं की मास्तरणीला मध द्यायची या भागात पद्धत असणार. बाटली उचलायची, वर्गाकडे पाहून मान हलवायची, वर्गानेही मान हलवायची. घरी आई खूश होती. इकडची माणसं मोठ्या मनाची, असं ती पोळीला मध लावताना म्हणायची.

दिवाळीनंतर विद्यापीठाचं पत्र आलं. कागदाची टंचाई आहे, महाविद्यालयांनी कागद आणि छपाई यांची उधळपट्टी थांबवावी, समिती नेमून उपाय करावेत आणि अहवाल पाठवावा. हे पत्र चार प्रतींत आलं होतं. प्राचार्यांनी ते फार मनावर घेतलं. ते कडक नव्हते, पण विद्यापीठाचं पत्र आलं की त्यांचा आवाज बदलायचा. त्यांनी समिती नेमली. ते स्वतः अध्यक्ष, ऑफिसचे बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, सदस्य आणि मी सचिव. मी का, तर मी नवीन, मला वेळ, आणि अहवाल इंग्रजीत लिहायचा होता. मला नको म्हणायचं होतं. मी साखळी धरली. प्राचार्य म्हणाले, "म्हणजे ठरलं."

त्या रात्री बसमध्ये बसल्यावर मला सगळं नीट समजलं. समिती यशस्वी झाली तर माझ्या नोट्स बंद होणार होत्या. नोट्स बंद झाल्या की मला त्या साठ जणांसमोर तोंड उघडावं लागणार होतं. नोकरी जायची मला तेवढी भीती नव्हती. घरी बसून मी आनंदाने टाइप करत राहिले असते.

बडेबाबूंनी मात्र काम अंगावर घेतलं. ते धानाच्या घरातले. कागदाकडेही ते धानासारखंच बघत. ढोलीतलं, म्हणजे कणगीतलं, धान अंदाजापेक्षा लवकर उतरलं की घरात कोणावर संशय घ्यायचा नसतो, आधी तळाशी बीळ बघायचं असतं, असं त्यांनी आम्हाला पहिल्याच बैठकीत समजावून सांगितलं. मग ते बीळ शोधायला निघाले. क्रीडाशिक्षकांच्या कपाटात त्यांना खेळाडूंच्या याद्या सापडल्या, एकेका खेळाडूसाठी स्वतंत्र पान. ग्रंथालयात सूचना सापडल्या, त्यांत 'शांतता राखा' ही तीन आकारांत होती. पण एवढ्याने ढोली रिकामी होत नव्हती. शेवटी त्यांनी मामाजींची वही मागवली. कोणत्या दिवशी कोणाचं काय छापलं, ते तीत लिहिलेलं असे.

वही बैठकीत उघडली. मी तीत माझं नाव शोधत होते. ते पहिल्या पानावर एकदा होतं, आणि मग कुठेच नव्हतं. त्याऐवजी परीक्षा, परीक्षा, परीक्षा, एकदा स्नेहसंमेलन, पुन्हा परीक्षा. परीक्षेचं सगळं काम बडेबाबूंकडे होतं.

बडेबाबू पानं पुढेमागे करत राहिले. चष्मा काढून पुसला. "पर मी एवढा कागद कवा नेला? मले त आठवत बी नाई," ते म्हणाले. प्राचार्य समजूतदारपणे खिडकीबाहेर पाहू लागले.

बैठक संपल्यावर मी जिन्याखाली गेले. मामाजी ड्रम पुसत होते. मी काही विचारायच्या आतच त्यांनी उत्तर दिलं.

"हर पानावर तुमचंच नाव दिसलं असतं जी, मॅडम. टेम्परवारी माणसाचं नाव एवढ्या डाव दिसणं बरं नाई. बडेबाबू पक्के हायेत, त्यायले काय होते?"

त्यांना काय होतं, ते मी पुढचे पंधरा दिवस पाहिलं. बडेबाबूंचा स्वतःवरचा विश्वास उडाला. ते एसटीच्या तिकिटांच्या मागे टिपणं करू लागले. आलेली पाकिटं उसवून, आतली बाजू बाहेर काढून त्यावर हिशेब मांडू लागले. चहाच्या कपाखाली पूर्वी ते कागदाचा चौकोन ठेवत, तोही बंद झाला आणि टेबलावर चहाची गोल वर्तुळं दिसायला लागली. एकदा त्यांनी मला विचारलं की झोपेत चालणारी माणसं असतात तशी काम करणारीही असतात का. मी दोनदा त्यांच्या टेबलापर्यंत गेले. दोन्ही वेळा त्यांनी मान वर केली, मी मान हलवली, त्यांनीही हलवली, आणि मी परत आले.

मग प्राचार्यांनी तोडगा काढला. सोमवारपासून कॉलेजातली प्रत्येक छपाई कागदाच्या दोन्ही बाजूंना. मला इतकं हायसं वाटलं की मी त्या ठरावाला सचिवाचा पाठिंबा अशी ओळ आपणहून घातली. कागद निम्मा होणार होता आणि नोट्स राहणार होत्या. एक शब्दही न बोलता मी कागद वाचवणार होते. मामाजींना ते पटलं नाही. पहिल्या प्रती त्यांनी उजेडात धरून मला दाखवल्या. इकडची शाई तिकडे उतरली होती. ओळींवर ओळी बसल्या होत्या. "कागद पिऊन राह्यला जी," ते म्हणाले. मी म्हणाले, चालेल. यंत्राच्या खोलीत मला बोलता येत होतं, तिथे मामाजी एकटेच असत.

सोमवारी मी वर्गात गेले तर माझ्यामागून प्राचार्य आणि बडेबाबूही आत आले. नवी पद्धत कशी चालते ते त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. ते मागच्या भिंतीशी उभे राहिले. मी नोट्स वाटल्या, फळ्यावर लिहिलं आणि बसले. पण वर्ग वाचेना. मुलं कागद उलटे करत, सुलटे करत, पुन्हा उलटे करत. मग ती दिघोरीची मुलगी उठली.

"मॅडम, मांगची बाजू काहून भरली जी? आता आमी कुठी लिवाव?"

प्राचार्य पुढे आले. मागे काय लिहायचं असतं, असं त्यांनी तिला प्रेमाने विचारलं. कागदाची बचत हा विषय त्यांना मुलांना समजावून सांगायचा होता. मुलीने पिशवीत हात घातला आणि दोऱ्याने बांधलेला गठ्ठा बाहेर काढला. माझ्या सगळ्या नोट्स. जुलैपासूनच्या. धानाच्या पेंढीएवढा जाड गठ्ठा तिने बाकावर ठेवला, आणि त्याचा आवाज झाला. बडेबाबूंची मान त्या आवाजाकडे वळली.

प्राचार्यांनी सगळ्यात वरचा कागद घेतला, उलटला आणि मोठ्याने वाचायला लागले. तो धडा एका इंग्रज गृहस्थाचा होता. दिवसभर तळ्याकाठी गळ टाकून बसतो, मासा मिळत नाही, तरी आनंदाने घरी जातो. मी त्यावर लेखकाचं निसर्गप्रेम आणि सूक्ष्म विनोदबुद्धी अशी चार पानं टाइप केली होती. मागे शाईच्या पेनने लिहिलं होतं:

"एक बुढा दिवसभर बोडीवर गरी टाकून बसला. एक बी मासोळी नाई भेटली. तरी खुशीत घरी गेला. कारण का त्याच्या घरी रांधून ठेवलं होतं."

बोडी म्हणजे इकडचं छोटं तळं. प्राचार्य थांबले. त्यांना हसू आलं होतं. ते आवरून त्यांनी खालची ओळ वाचली.

"मॅडमचा गळा आज बी बसलाच आहे. मध आणाची पाळी लाखांदूरवाल्यायची."

प्राचार्यांनी दुसरा कागद घेतला, तिसरा घेतला. प्रत्येकाच्या तळाशी माझ्या गळ्याची खबर होती. मुलगी अडखळत सांगत होती की मॅडम सारखा गळा धरतात, बोलत नाहीत, म्हणून मुलांनी मधाच्या पाळ्या लावल्या होत्या. आणि तास संपला की सगळी कॉलेजच्या पायऱ्यांवर बसायची, दोघांकडे डिक्शनरी होती, ज्याला जे समजलं ते तो सांगायचा, आणि सगळ्यांचं मिळून जे ठरेल ते नोट्सच्या मागे लिहून काढायचं. माझा तास म्हणजे नुसता कागद मिळायची वेळ होती. शिकवणं पायऱ्यांवर होत होतं. मी रोज त्यांच्याजवळून बस पकडायला जात होते. ती बसची वाट बघत शेंगा खात बसतात, असं मी पाहिलं होतं. मला वाटायचं, मी बोलत नाही पण बघते फार.

मागून बडेबाबूंचा आवाज आला. अगदी हळू होता, पण मोकळा झालेला.

"म्हंजे माहा काई दोष नाई."

प्राचार्य माझ्याकडे वळले. चिडलेले नव्हते, पण विद्यापीठाचा आवाज लागला होता. "मॅडम, समितीच्या सचिव म्हणून आपलं काय म्हणणं आहे?"

माझा हात साखळीकडे निघाला होता. तो मी मध्येच थांबवला, कारण साठ जण त्या हाताकडेच बघत होते, आणि ज्यांची पाळी होती ते जरा जास्तच.

"माझा गळा चांगला आहे," मी म्हणाले. "मला तुमच्यासमोर बोलायची भीती वाटते. म्हणून छापत होते. बडेबाबूंनी काही केलेलं नाही. उद्यापासून छापणार नाही."

एवढंच. मी ते मनात आधी जुळवलं नव्हतं, त्यामुळे बातम्यांसारखं झालं नाही. मग दिघोरीची मुलगी शेजारणीला म्हणाली, पण ते सगळ्यांना ऐकू गेलं, "मधानं फरक पडला, पाह्य."

पहिल्यांदा हसले ते प्राचार्य. मग बडेबाबू, आणि मग वर्ग. मीही हसले, पण ते मला जरा उशिराने कळलं.

दुसऱ्या दिवशी मी हात हलवत वर्गात गेले. हातात काही नसलं की हातांचं काय करायचं हा प्रश्न पडतो. मी त्या मुलीकडून तोच वरचा कागद मागून घेतला, उलटा धरला आणि तिचं लिहिलेलं मोठ्याने वाचलं. सिस्टरांच्या शाळेतली माणसं झाडीतली, म्हणजे या जंगलपट्ट्यातली, बोली कशी वाचतात ते साकोलीत त्याआधी कोणी ऐकलं नसणार. दोन ओळींतच वर्ग बाकांवर पडला. मुलीने मला "भेटली" कसं म्हणायचं ते तीनदा म्हणून दाखवलं. मग मी विचारलं की म्हातारा खुशीत होता हे घरच्या स्वयंपाकामुळे, हे सगळ्यांना मान्य आहे का. ते मान्य नव्हतं. एकाचं म्हणणं, त्याला गरी टाकताच येत नसणार आणि लाजेने तो ते सांगत नव्हता. एकीचं म्हणणं, घरी बायको फार बोलत असेल. मला त्याला उत्तर द्यावं लागलं. ते दिलं तर आणखी चौघं उठले.

अहवाल मी इंग्रजीत लिहिला. छपाई बरीच कमी झाली, हे खरंच होतं. कारण काय द्यायचं ते मला सुचेना, तेव्हा प्राचार्यांनी सांगितलं की अध्यक्षांची कडक उपाययोजना असं लिहा. मामाजी काही दिवस माझ्यावर नाराज होते. यंत्रावर त्यांनी धुतलेलं फडकं घालून ठेवलं होतं आणि मी दिसले की ते फडकं उगाच सरळ करायचे. बडेबाबूंची तब्येत मात्र सुधारली. माझ्या कपाटात जास्तीच्या छापून ठेवलेल्या नोट्स त्यांनी ताब्यात घेतल्या, पट्टी लावून एकेका कागदाचे चार तुकडे केले आणि चिठ्ठ्या लिहायला म्हणून ते सगळ्या खोल्यांत वाटले. चहाच्या कपाखालीही एक तुकडा परत आला.

त्यातलीच एक चिठ्ठी पुढच्या महिन्यात माझ्या तासाला आली. शेजारच्या वर्गावरून, इतिहासाच्या सरांची. त्यांनी फार सभ्यपणे लिहिलं होतं की आपल्या वर्गाचा आवाज फार होतो, आम्हाला शिकवता येत नाही, कृपया शांतता राखावी. मी तुकडा उलटून पाहिला. मागे माझ्याच टाइपरायटरची अक्षरं होती, अर्धवट कापलेली एक ओळ, लेखकाच्या चिंतनशील वृत्तीबद्दलची.

चिठ्ठी घेऊन मामाजी आले होते. ते उत्तराची वाट बघत दारात उभे होते आणि मी कोरा तुकडा शोधीन असं त्यांना वाटत असावं. मी वर्गाला दोन मिनिटं थांबा म्हणून सांगितलं, बाहेर आले, शेजारच्या दारात उभी राहिले, आणि उत्तर तोंडीच दिलं.